रोटरी इंजिन विमानात बसवताय? या चुका टाळा

माझदाच्या गाडीतलं १३बी हे रोटरी इंजिन (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) हाती आलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपी निघेल? एवढी उष्णता जाणार कुठे, हे कोणी विचारत नाही. आणि काम अडतं नेमकं तिथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे छोटा ऑइल कूलर. या इंजिनात रोटर आतून ऑइलनेच थंड होतात. बाहेर काढायच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा ऑइलमधून जातो. पिस्टन इंजिनच्या अंदाजाने कूलर लावला की जमिनीवर पाच मिनिटं सगळं छान, पाणी ८५ अंशांवर स्थिर. पूर्ण थ्रॉटलवर चढायला लागलं की ऑइल ९५, १०५, ११५. इंजिनमध्ये शिरणारं ऑइल १०० च्या वर जाऊ देऊ नका. रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं, बाजूच्या प्लेटा बिडाच्या. तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत. मधली पाण्याची ओ-रिंग भाजून कडक होते, पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर दिसतो. मग अख्खं इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही.

यावर मोठा रेडिएटर आणणं हा घाईचा उपाय. आधी फटी बुजवा. घरच्या कूलरची ताटी नीट बसली नसेल तर हवा ओल्या वाळ्यातून न येता फटीतून येते आणि खोली तापलेलीच राहते, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. रेडिएटरचंही तेच. रात्री रेडिएटरकडे हवा नेणाऱ्या डक्टमध्ये बल्ब सोडा. जिथून उजेड दिसेल तिथे सिलिकॉन रबरची पट्टी लावा. हवा बाहेर पडायची वाटही मोकळी हवी. डिसेंबरातल्या चाचणीवर समाधान मानू नका. आपलं नागपूर जेमतेम ३१० मीटर उंचीवर आहे, पण मे महिन्यात ४५ अंशांना इथली हवा दीड हजार मीटरवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनची ताकद, प्रोपेलरची ओढ आणि कूलिंग, तिन्ही एकदम घटतात.

फक्त तापमापकावर भरवसा ठेवणं ही दुसरी जीवघेणी चूक. पाणी गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. पाण्याच्या दाबाचा वेगळा गेज आणि लाल दिवा हवाच.

जुनं इंजिन घेताना साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. रोटरला तीन बाजू असतात, गेज फक्त सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. गेजचा व्हॉल्व्ह काढा आणि काट्याच्या तीन उड्या सारख्या आहेत का बघा.

गाडीचा सायलेन्सर लावू नका. आतले पडदे जळून तुटतात आणि नळी तुंबते. इंजिनात थोडं थोडं ऑइल सोडणारा मीटरिंग पंप काढलात तर दर लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८ मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळा, प्रत्येक वेळी मापून. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलंत तर ते फ्लड होतं, म्हणजे आत पेट्रोल साचून पुन्हा सुरू होत नाही.

वजन वाचवायला फ्लायव्हील काढणाऱ्यांनी थांबावं. मॅन्युअल गिअरच्या गाडीच्या फ्लायव्हीलमध्येच मागचं काउंटरवेट, म्हणजे रोटरचा तोल सांभाळणारं वजन, असतं. ते गेलं की तोल गेला, आणि रोटरच्या वजनानुसार प्रत्येक पिढीचं काउंटरवेट वेगळं असतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत कितीही हुशार टर्नर मिळाला तरी त्याच्याकडून अंदाजाने बनवून घेऊ नका.

इंजिनचे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स ठरल्यावरच प्रोपेलर मागवा. २.८५ च्या गिअरवर इंजिनचे मिनिटाला ६००० फेरे प्रोपेलरला सुमारे २१०० होऊन मिळतात, २.१७ वर २७६५. प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं असलेला) सहसा फिरण्याची दिशा तीच ठेवतो, दोन चाकांची साधी जोडी उलटवते.