मधुमेहाच्या औषधांची तुलना करताना या चुका टाळा

सारसबागेत सकाळी फिरणाऱ्या मधुमेहींमध्ये 'माझ्या गोळीने साखर लगेच उतरली' ही चर्चा रोजचीच असते. मात्र हृदय आणि मूत्रपिंड सांभाळायचे असेल, तर एवढ्यावरून औषधाची पारख होत नाही. ग्लिमेपिराइड स्वस्त आहे आणि साखर चांगली उतरवते, पण त्यामुळे हृदयाला किंवा मूत्रपिंडाला वेगळे संरक्षण मिळते, असे सिद्ध झालेले नाही. याउलट, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले, जरी एचबीए१सीमधला (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीतला) फरक किरकोळ होता. मूत्रपिंड क्षीण झाल्यावर एम्पाग्लिफ्लोझिन ज्यात येते त्या ग्लिफ्लोझिन गटाचा साखरेवरचा परिणाम मंदावतो, संरक्षण मात्र टिकते. म्हणून 'साखर उतरत नाही' एवढ्याच कारणाने ही गोळी बंद करणे चुकीचे ठरते.

नावांच्या साधर्म्यामुळे ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन यांची गल्लत सर्रास होते. ग्लिप्टिन गटातले सिटाग्लिप्टिन हृदयासाठी सुरक्षित ठरले, पण संरक्षक नव्हे; सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३ च्या चाचणीत तर हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी साठवते, त्यामुळे हृदय अशक्त असणाऱ्यांना ते सहसा देत नाहीत.

दोन चाचण्यांचे टक्के शेजारी मांडून श्रेष्ठ औषध ठरवणे ही अधिक सुशिक्षित चूक म्हणावी लागेल. मधुमेहासह मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांमध्ये सेमाग्लुटाइड या आणखी वेगळ्या गटातल्या औषधाने मूत्रपिंडाचे गंभीर परिणाम २४ टक्क्यांनी कमी केले, असे २०२४ मध्ये दिसले. पण ते २४ आणि वरचे ३८ वेगवेगळ्या रुग्णांचे, वेगळ्या परिणामांचे आकडे आहेत आणि दोन्ही ठिकाणी तुलना औषधरहित मात्रेशी (प्लासिबोशी) होती. साधारणपणे हृदय निकामी होत असेल किंवा मूत्रपिंडविकार असेल, तर ग्लिफ्लोझिनला प्राधान्य मिळते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा लठ्ठपणा ही मुख्य चिंता असेल, तर सेमाग्लुटाइडच्या गटाचाही विचार होतो, आणि गरजेनुसार दोन्ही एकत्र दिली जातात.

ग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) थोडे वाढते, कारण मूत्रपिंडाच्या गाळण्यांवरचा दाब कमी होतो. अहवाल पाहून घाबरून गोळी सोडू नये; ईजीएफआरमधली (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाच्या अंदाजातली) घट ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर मात्र डॉक्टरांनी कारण शोधायला हवे. केवळ क्रिएटिनिन पाहून निश्चिंत होणे हीसुद्धा चूकच, कारण लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाणे त्याआधी सुरू होऊ शकते आणि त्यासाठी युरीन एसीआर ही वेगळी तपासणी वर्षातून एकदा करावी लागते.

पालखीबरोबर दिवे घाट चढायचा आणि एकादशीला निर्जळी उपवासही करायचा, असा बेत असलेल्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलावे. ग्लिफ्लोझिन घेताना उपाशी राहिल्यास, किंवा उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी पडल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची धोकादायक अवस्था) होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी आणि धाप ही त्याची लक्षणे आहेत. आजारपणात ही गोळी तात्पुरती थांबवतात, तर नियोजित शस्त्रक्रियेआधी एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस बंद ठेवतात, आणि दातापासून मोतीबिंदूपर्यंत कुठलीही शस्त्रक्रिया ठरली की ही गोळी चालू असल्याचे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते.