काजू उतला (चीक लागून अंगावर पुरळ उठले) तर: खाजेवर घरी काय करावे

ओल्या काजूबीच्या सालीतल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही कातडीला बाधणारी द्रव्ये असतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे ज्याला बिब्बा उततो त्याला कैरीच्या देठाचा चीकही बाधू शकतो. थेट पोळले तर कातडी लवकरच भाजल्यासारखी होते. अ‍ॅलर्जीचे पुरळ मात्र बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते. तोवर काजूगर सोललेले कुणाच्या लक्षात नसते आणि आळ येतो काल खाल्लेल्या बांगड्यावर.

चीक लागल्या लागल्या पहिली दहा-पंधरा मिनिटे महत्त्वाची. तो तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही. चमचाभर खोबरेल तेल लावून मऊ फडक्याने टिपून घ्या. चोळू नका, चोळले की पसरतो. फडके टाकून द्या. मग साबण आणि वाहते पाणी, दोन-तीन वेळा, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांतही. राखेने घासायची सवय असेल तर ती सोडा, कातडी खरवडते. उशीर झाला असला तरी धुवा, निदान हात डोळ्यांना लागून तिथे उतणार नाही.

बरे होत आलेले पुरळ पुन्हा उठले तर विळी, कोयत्याची मूठ, कामाचा पदर तपासा. चीक तिथे राहिलेला असतो. हे सगळे साबणाने धुवा, कपडे वेगळे.

पुरळ उठल्यावर थंड पाण्यात भिजवलेले सुती फडके 15 ते 20 मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर कॅलामाइन लोशन. कातडी फुटलेली नसेल तर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम (सौम्य स्टेरॉइड) दिवसातून दोनदा, पातळ थर, जास्तीत जास्त सात दिवस, डोळ्यांभोवती नको. रात्री झोप येत नसेल तर मोठ्या माणसाला अॅलर्जीवरच्या सेटिरिझिन 10 मिलिग्रॅमची एक गोळी चालते, पण सुस्ती येते. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि लहान मुले यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. फोड फोडू नका. त्यातल्या पाण्याने पुरळ पसरते हा गैरसमज आहे. फोडल्याने पू मात्र होऊ शकतो. फुटलेल्या कातडीवर लिंबू किंवा आमसुलाचे पाणी नको, आग वाढते.

दुकानातून मिळणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमे तर मुळीच नकोत. पुरळ गोल आणि कडेला उठावदार असेल तर ते गजकर्ण असू शकते. स्टेरॉइडने ते वरवर दबते आणि आतून पसरत जाते.

चेहरा किंवा डोळे सुजले, गुप्तांगाला लागले, ताप आला, पू झाला, किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना. एरवी पुरळ दोन-तीन आठवड्यांत जाते.

पुढच्या वेळी सोलण्याआधी हाताला खोबरेल लावा, किंवा जाड हातमोजे घाला. आंबे देठ ठेवून काढा, चीक उडत नाही. आणि काजूची टरफले चुलीत घालू नका. त्यांच्या धुराने चेहरा आणि डोळेही उततात. बिया भाजायच्याच असतील तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून.