आधी दोघांचेही मृत्यूदाखले काढा

केनियात किसुमू शहराच्या बाजूला ज्या अनाथ मुलांच्या शिक्षणाला आम्ही हातभार लावतो, त्यांतल्या एका मुलीची परदेशातली शिष्यवृत्ती गेल्या वर्षी माझ्या चुकीमुळे हुकली. त्यामुळे यंदा अशा मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल कुणी विचारलं की मी सुरुवात एकाच कागदापासून करते: आई आणि वडील, दोघांचेही मृत्यूदाखले. दफनाचा परवाना चालत नाही, दाखलाच लागतो.

केनियात मृत्यूची नोंद झाली की दफनासाठी परवाना मिळतो. तो घेऊन लोक गावी जातात, माती देतात आणि विषय तिथेच थांबतो. दाखला नंतर वेगळा अर्ज करून काढावा लागतो आणि जमीन नावावर करायची वेळ आल्याशिवाय तो कुणी काढत नाही. त्या मुलीच्या आजीने, लुओ भाषेत दानीने, पत्र्याच्या पेटीतून दोन लेसोंच्या (अंगाभोवती गुंडाळायच्या छापील कापडांच्या) घड्यांखालून साखरेच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून दिला. शिक्का होता, आईचं नाव होतं, तारीख होती. मी तोच स्कॅन करून मृत्यूदाखल्याच्या रकान्यात चढवला. चूक कळली तेव्हा मुदत संपून गेली होती. केसीएसईला, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेला, ए मायनस मिळवलेली पोर. अंगणात भांडी घासता घासता तिने मला एवढंच विचारलं, "आईचा कागद चुकला का?" हे कुणाच्या वाट्याला परत येऊ नये, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

दाखला काढायला मूल फॉर्म फोरमध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात, गेल्या गेल्या, जानेवारीतच लागा. परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते, तोवर थांबू नका. इस्पितळात मृत्यू झाला असेल तर नोंद इस्पितळामार्फत झालेली असते. घरी झाला असेल तर असिस्टंट चीफकडे, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जावं लागतं. नोंदच झाली नसेल आणि सहा महिने उलटून गेले असतील, तर ती उशिराची नोंद धरतात आणि तिला वेगळी मंजुरी लागते. त्यात किती आठवडे जातील याचा भरवसा नाही. आणखी एक: नोंदीच्या वेळी गेलेल्या माणसाचं ओळखपत्र जमा करून घेतात. ते देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा, कारण मुलाला अठराव्या वर्षी स्वतःचं ओळखपत्र काढताना आईवडिलांच्या ओळखपत्राची प्रत मागतात. ती नसेल तर पुन्हा मृत्यूदाखला. पासपोर्टलाही तेच, आईवडील नसतील तर मृत्यूदाखला. दफनाच्या परवान्यावर यातलं काहीही पुढे सरकत नाही.

वडिलांचं काय, हा प्रश्न येतोच. काही जन्मदाखल्यांवर वडिलांच्या जागी नुसत्या फुल्या असतात, कारण लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांची नोंद पूर्वी तशीच व्हायची. अशा मुलाला वडिलांचा दाखला कुठून आणणार? चीफचं, म्हणजे असिस्टंट चीफच्या वरच्या अधिकाऱ्याचं, पत्र घ्या, त्यात परिस्थिती स्पष्ट लिहून घ्या, आणि अर्जातही तेच, त्याच शब्दांत लिहा. फुल्या लपवू नका. वडील वारलेत की सोडून गेलेत याबद्दल अंदाजाने काही लिहू नका.

नावं जुळवा. जन्मदाखल्यावर अचिएंगसारखं लुओ नाव आधी आणि शाळेत बाप्तिस्म्याचं नाव आधी, असं सर्रास असतं. एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्र करून घ्या. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता अर्ज कुठे करायचा. भारत सरकारच्या आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन असतो, पाच विद्यापीठं निवडता येतात आणि इंग्रजीत निबंध मागतात. वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेली हवीत, हे आधी बघा. तुर्कस्तानच्या सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण १० जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात असतात, पदवीसाठी वय २१ च्या आत लागतं आणि पहिलं वर्ष तुर्की भाषा शिकण्यात जातं. मुलाची तशी तयारी आहे का, हे त्यालाच विचारा. हंगेरीच्या स्टिपेंडियम हंगेरिकुम या सरकारी शिष्यवृत्तीसाठी तिथल्या पोर्टलवर अर्ज करून भागत नाही, केनिया सरकारकडूनही नाव जावं लागतं. मास्टरकार्ड फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीचा एकच असा अर्ज नसतो, ज्या त्या विद्यापीठाकडे वेगळा करायचा. आणि अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल भेटतील. त्यांना दारात उभं करू नका. अनाथ मुलांच्या घरचे लोक पटकन विश्वास ठेवतात, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

निबंध मुलाला स्वतःला लिहू द्या. मोठी माणसं मुलांना सांगतात, आई कशी गेली ते लिही, वाचणाऱ्याला रडू आलं पाहिजे. असं करू नका हो. त्या मुलीने मधलं सबंध वर्ष गावातल्या लहान मुलांना गणित शिकवलं, केरोसिनच्या दिव्याखाली, आठवड्यातून चार संध्याकाळी. यंदा तिने तेच लिहिलंय, आईचा उल्लेख एका ओळीत आहे. मी फक्त स्पेलिंग तपासलं.

अर्ज पाठवण्याआधी चढवलेली प्रत्येक फाईल उघडून बघा. मृत्यूदाखल्याच्या जागी खरंच मृत्यूदाखला आहे ना? वर छापलेलं शीर्षक वाचा. मी ते वाचलं नव्हतं. पुन्हा वाचा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही वाचायला लावा.

निवड झाल्यावर पासपोर्ट, व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी. भारतात यायचं तर यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. पोलिसांचा चारित्र्यदाखला मागितला तर तोही. हंगेरीला जाणाऱ्याला जाड कोट. भारतात उतरल्यावर १४ दिवसांच्या आत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी. मूळ दाखले हातातल्या पिशवीत, विमानात टाकायच्या बॅगेत नाही. झेरॉक्सचा एक संच दानीच्या पेटीत.