शाही लग्न करायचंय? आधी सकाळ की गोरज ते ठरवा, थीम नंतर

मागच्या मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न झालं, थीम शाही आणि मुहूर्त सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांचा. दादरच्या हॉलच्या गेटवर सहा मावळे मशाली धरून उभे, आणि भर उन्हात ज्योत कुणाला दिसेचना, नुसता धूर आणि रॉकेलचा वास. तिच्या आजेसासूबाई टॅक्सीतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "काय गं, डासांची फवारणी चाललीय का?" मशाली झकास होत्या हो, पण वेळ चुकली, त्याच संध्याकाळी सातला लावल्या असत्या तर फोटो काय आले असते!

झालं असं की तिने रील्स बघून सगळं ठरवलं होतं, आणि रील्समध्ये दिवसाचं लग्न कुठलं, रात्रीचं कुठलं याची पार खिचडी असते. खऱ्या राजघराण्यांत मात्र सगळं वेळेवरून ठरतं, म्हणजे किती वाजता लग्न यावरून कपडे, दागिने, जेवण, मिरवणूक सगळं. म्हणून पहिलं काम हे की गुरुजींकडून सकाळचा एक आणि गोरजचा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराचा, एक असे दोन्ही मुहूर्त काढून घ्या आणि घरात एकदाच काय ते भांडून घ्या, डेकोरेटरला फोन त्यानंतर.

आता दिवसा लग्न म्हणजे साधं आणि रात्री म्हणजे शाही असं डोक्यात असेल तर थोडं थांबा. इंग्लंडमध्ये एकेकाळी तसंच होतं खरं, १६०४ च्या चर्चच्या नियमाप्रमाणे सामान्य माणसाने सकाळी ८ ते दुपारी १२ मध्येच लग्न करायचं, आणि बड्या लोकांना आर्चबिशपचा खास परवाना काढून कुठल्याही वेळी करता यायचं, मग काय, रात्रीचं लग्न म्हणजे मोठेपणा. तिसऱ्या जॉर्जचं १७६१ मध्ये रात्री झालं, राजकन्या शार्लटचं १८१६ मध्ये रात्री नऊला, तेही घरच्यासारखं, राजवाड्याच्या आत. मग १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने दुपारी लग्न केलं आणि लोकांनी रस्त्यावर गर्दी करून तिची गाडी बघितली. आज आपण टीव्हीवर बघतो ते ब्रिटिश शाही लग्न भर दिवसाचंच असतं, विल्यम-केटचं २०११ मध्ये ११ वाजता, हॅरी-मेगनचं २०१८ मध्ये १२ वाजता. तिथल्या लग्नानंतरच्या जेवणाला आजही ब्रेकफास्ट म्हणतात, दुपारचे दोन वाजले तरी!

युरोपात बाकीकडे वेगळं. २००४ च्या मे महिन्यात आठ दिवसांच्या फरकाने दोन युवराजांची लग्नं झाली, ती शेजारी ठेवून बघा म्हणजे लगेच कळेल. १४ तारखेला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या फ्रेडरिकचं दुपारी चारला, तिथे पाहुण्या बायका पायघोळ गाऊन आणि टियारा (डोक्यावरचा छोटा रत्नजडित मुकुट) घालून, पुरुष पांढऱ्या बो टायमध्ये, कारण पुढे लगेच रात्रीची मेजवानी आणि नाच. २२ तारखेला माद्रिदमध्ये स्पेनच्या फेलिपेचं सकाळी अकराला, तिथे पुरुष मॉर्निंग कोटात (दिवसाच्या समारंभाचा मागे लांब असलेला कोट), बायका दिवसाच्या ड्रेसमध्ये, बऱ्याच जणींच्या डोक्यावर हॅट, टियारा नवरीलाच (आणि पाऊस असा धो धो पडला की विचारू नका). नियम सोपा आहे, दिवसा हॅट, संध्याकाळी टियारा, आणि दिवसा टियारा घालायची सूट एकट्या नवरीला. केटने सकाळी घातलेला टियारा राणी एलिझाबेथने वापरायला दिलेला होता, त्यामुळे मैत्रिणीचा हार मागून घालायला लाजू नका.

आपल्याकडे हे कसं लावायचं? हॅट आपण घालत नाही, पण उजेडाचं गणित तेच. सकाळच्या लग्नाला मोती, म्हणजे तन्मणी, चिंचपेटी, मोत्याची नथ, आणि पैठणी रंगाने उठणारी घ्या, दिवसाच्या उजेडात जांभळा, हिरवा, चिंतामणी काय दिसतो! खडे आणि हिरे सकाळी मेल्यासारखे दिसतात, शिवाय मे महिन्यातल्या मुंबईच्या घामात जड वर्कचा शालू नेसून तीन तास होमासमोर बसणं म्हणजे शिक्षा आहे. गोरजला उलट, जरीचा भरगच्च शालू, खड्यांचे दागिने, पुरुषांना गडद रंगाची अचकन आणि वर शेला. फेटा दोन्ही वेळेला चालतो, पण सकाळी सुती घ्या, नाहीतर नवरदेवाच्या कपाळावरून घामाचे ओघळ मुंडावळ्यांतून खाली येतात (आमच्या भावोजींचे सगळे क्लोजअप असेच आहेत).

मानाच्या गोष्टींचं तेच. छत्र, अबदागिरी, चवऱ्या ही दिवसाची शोभा, कारण अबदागिरीचं मूळ कामच ऊन अडवणं. मशाली, समया, दिवट्या संध्याकाळच्या. तुतारी आणि सनई-चौघडा कधीही, पण लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद होतो हे धरून चाला, म्हणजे गोरज मुहूर्त असेल तर वरात आधी उरकायची, साडेनऊला "अजून एक गाणं" चालणार नाही. बग्गीचं स्वप्न असेल तर मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरिया बग्ग्या हायकोर्टाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, आता बॅटरीवरच्या आहेत. संध्याकाळी दिव्यांमध्ये त्या बऱ्या दिसतात, सकाळी उघड्या गाडीत उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकाल त्यापेक्षा हॉलच्या गेटपासून दारापर्यंत छत्राखाली चालत या.

गोरज म्हणजे गाई घरी परततानाची धूळ उडायची वेळ, सूर्यास्ताच्या आसपासची. ही वेळ पळते हं! मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि मेअखेरीस सव्वासातच्या जवळ, त्यामुळे डिसेंबरात चार वाजता नवरी तयार पाहिजे आणि पाहुणे ऑफिस सुटून लोकलने येईपर्यंत मंगलाष्टका संपलेल्या असतात. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ मोठ्या अक्षरात छापा, "सायंकाळी" एवढं लिहून भागत नाही. सकाळच्या लग्नाला ही भीती नाही, तिथे भीती हॉलची, कारण बरेच हॉल अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने देतात आणि चारला पुढची पार्टी दारात उभी असते. विहीण जेवतेय आणि मागे खुर्च्या उचलताहेत हे शाही बिलकुल दिसत नाही.

जेवणाबद्दल फार बोलत नाही, सकाळी पंगत, संध्याकाळी बुफे. पंगतीत चांदीच्या ताटांचा हट्ट नको, केळीच्या पानावर अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, भोवती रांगोळी आणि उदबत्ती, यापेक्षा राजेशाही काय असतं मला माहीत नाही.

दोन्ही पाहिजे असेल तर ब्रिटिशांचीच युक्ती उचला. विल्यमच्या लग्नात दुपारी राणीकडे साधारण ६५० लोकांचं रिसेप्शन आणि रात्री ३०० जणांचं जेवण आणि नाच. हॅरीच्या वेळी दुपारी ६०० आणि रात्री २००, आणि दोन्ही नवऱ्या संध्याकाळी ड्रेस बदलून आल्या. म्हणजे मोठी गर्दी दिवसा, जवळची माणसं रात्री. आपण नेमकं उलटं करतो, विधींना घरचे आणि रिसेप्शनला अख्खी सोसायटी, मग स्टेजवर दोन तास रांग. सकाळी मुहूर्तालाच सगळ्यांना बोलवा, पंगत घाला आणि रात्री गच्चीवर शंभर माणसं, समया, हिरे, मशाली, सगळी हौस तिथे फेडा, खर्चही एकाच मोठ्या जेवणाचा.

एक राहिलंच, अरुंधतीदर्शन. सप्तपदीनंतर नवरीला ध्रुव आणि अरुंधती हे तारे दाखवतात, आणि सकाळच्या लग्नात गुरुजी एसीच्या दिशेने बोट करून "बघितलीस ना?" विचारतात, तीही हो म्हणते. गोरज धरला असेल तर विधी संपेपर्यंत खरंच अंधार पडलेला असतो. अरुंधती असते सप्तर्षींमध्ये, आणि डिसेंबरात सप्तर्षी संध्याकाळी क्षितिजाखालीच असतात, तेव्हा उत्तरेला खाली ध्रुवावर भागवा, पण एप्रिल-मेमध्ये उत्तरेला छान वर आलेले असतात. मुंबईच्या दिव्यांत अरुंधती दिसेलच असं नाही, शेजारचा वसिष्ठ तरी दिसतो. फक्त हॉलच्या गच्चीची किल्ली वॉचमनकडून दुपारीच घेऊन ठेवा, संध्याकाळी तो नेमका जेवायला गेलेला असतो.