व्हिटॅमिन डी कमी, बीपी जास्त: पाळीत काम करणाऱ्यांनो, या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात मी अकरा वर्षं बसते. शेडला खिडक्या नाहीत. कामगार कंपनीच्या बसने अंधारात येतात, रात्रपाळी संपली की घरी पडदे ओढून झोपतात. वार्षिक तपासणीत कित्येकांचं व्हिटॅमिन डी 20 नॅनोग्रॅमच्या खाली निघतं, त्यातल्या काहींचं बीपीही वाढलेलं असतं. पुढे होणाऱ्या चुका मात्र दरवर्षी त्याच.

साठ हजारांची पुडी रोज घेणं

या चुकीची मला सर्वात जास्त भीती वाटते. आमचा एक सीएनसी ऑपरेटर, वय बेचाळीस, डी 11. बाहेरच्या डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, अशी आठ आठवड्यांसाठी लिहून दिली होती. दोन पुड्या झाल्या तरी पिंढऱ्या दुखायच्या थांबेनात, म्हणून त्याने रोज एक सुरू केली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी कुणी विचारली नाही. तीन महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ नाही, जेवणावर वासना नाही. मला आधी साखरेची शंका आली, पण साखर व्यवस्थित होती. बीपी 170/104. "मॅडम, डी वाढलं की बीपी उतरतं म्हणाले होते," तो म्हणाला. कॅल्शियम तपासलं तर 13.4. ते साडेदहाच्या आत असायला हवं. किडनीवरही ताण आला होता.

बी-कॉम्प्लेक्स जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी चरबीत साठतं आणि महिनोन्महिने राहतं. ते फार वाढलं की रक्तात कॅल्शियम चढतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी वरच जातं. त्यात हा बीपीसाठी क्लोरथॅलिडोन घेत होता. त्या गोळीमुळे कॅल्शियम लघवीतून कमी बाहेर पडतं. त्याला दाखल करून सलाईन लावावं लागलं, आणि डीची पातळी ठिकाणावर यायला पाच महिने गेले.

तेव्हापासून मी एका वेळी चारच पुड्या देते. प्रत्येकीवर मार्करने रविवारची तारीख घालते. रिकाम्या पुड्या परत आणल्या की पुढच्या चार. लोक कुरकुरतात, पण मी नियम बदलत नाही. हाडांचं दुखणं कमी व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक हवा म्हणून डोस वाढवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत किडनी मोजते.

डी सुरू झालं म्हणून बीपीची गोळी सोडणं

हा गैरसमज कुठून आला ते मी समजू शकते. डी कमी असलेल्यांमध्ये बीपी जास्त आढळतं, हे खरं. डी नसेल तर बीपी वाढवणारं रेनिन हे शरीरातलं द्रव्य वाढतं, हे उंदरांवरच्या प्रयोगात 2002 मध्येच दिसलं होतं. पण माणसांना डी देऊन पाहिलं तेव्हा आशा फळली नाही. 2015 च्या 'डेलाइट' चाचणीत डी कमी आणि बीपी थोडं वाढलेल्या 534 जणांपैकी काहींना रोज 4000 युनिट दिले, काहींना फक्त 400. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या बीपीत फरक नव्हता. डी घ्यायचं ते हाडं आणि स्नायूंसाठी. बीपीची गोळी, मीठ, वजन आणि झोप यांचा हिशोब वेगळा. दोन आजार एकाच माणसात आहेत म्हणून एका औषधाने दोन्ही जात नाहीत.

अंगदुखीवर वेदनाशामक चालू ठेवणं

डी कमी म्हणून कंबर दुखते, कंबर दुखते म्हणून रोज डायक्लोफेनॅक, आणि डायक्लोफेनॅकने बीपी वाढतं, शिवाय बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो. बीपी वाढलेला कामगार आला की मी आधी खिशातली गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढायला सांगते.

बाकीच्या

काचेआड बसून ऊन घेणं: डी बनवणारे किरण काचेतून येत नाहीत.

सकाळी सातचं कोवळं ऊन: छान वाटतं, पण डीसाठी जवळजवळ निरुपयोगी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन उपयोगाचं. मी जेवणाच्या सुट्टीत बाह्या वर करून पंधरा-वीस मिनिटं अंगणात फिरायला लावते.

पुडी उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर घेणं: जेवणानंतर घ्या, ताटात थोडं तेल-तूप हवं.

पंधरा दिवसांत पुन्हा डी तपासणं: पैसे वाया. तीन महिने थांबा.

सहा लाख युनिटचं डीचं इंजेक्शन मागून घेणं: मी देत नाही.

रात्रपाळी संपवून धावत येऊन बीपी मोजणं

रात्रभर जागरण, नुकताच घेतलेला चहा, बस सुटेल ही घाई, वर हात लोंबकळत ठेवलेला. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा आणखी फुगतो. मी पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसवते आणि हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवते. रात्रपाळीनंतरचा आकडा फाइलमध्ये लिहिते, पण फक्त त्यावर गोळी सुरू करत नाही. साप्ताहिक सुट्टीनंतर दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा बोलावते. पाच मिनिटं बसूनही 180/110 च्या वर असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र बस चुकू देते आणि त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात पाठवते.