कॅनडात उतरल्यावरचे पहिले दिवस: आधी पत्ता, मग बाकीचं

पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी, मंजूर झाली की बॅगेत काय भरायचं यावर महिनाभर खल चालतो. खरी गडबड होते ती उतरल्यावर, कोणतं काम आधी करायचं यावरून. माझ्या मते विमानात बसण्याआधी एकच गोष्ट पक्की हवी, ती म्हणजे टपाल नक्की पोचेल असा तिथला पत्ता. मित्राचा असो, मावसभावाचा असो की भाड्याने घेतलेल्या बेसमेंटचा, पोस्टल कोडसह पूर्ण लिहून ठेवा आणि त्या घरच्यांना तुमच्या नावाची पाकिटं येणार हे सांगून ठेवा. विमानतळावर अधिकारी सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचा कागद) तपासताना पत्ता विचारतो आणि पीआर कार्ड त्याच पत्त्यावर येतं. त्या वेळी पत्ता नसेल तर तो १८० दिवसांत कळवावा लागतो; मुदत चुकली तर कार्डासाठी नवा अर्ज आणि शुल्क.

हातातल्या फोल्डरमध्ये पासपोर्ट, सीओपीआर, खात्यात पुरेसे पैसे असल्याचं बँकेचं ताजं पत्र आणि सामानाच्या याद्या ठेवा. फोल्डर चेक-इन बॅगेत टाकू नका. याद्या दोन: एक सोबतच्या सामानाची, दुसरी मागाहून येणाऱ्याची. दुसरी यादी पहिल्याच प्रवेशाच्या वेळी कस्टम्सला द्यायची असते, नाहीतर नंतर आलेल्या वस्तूंवर कर लागू शकतो. दागिन्यांपुढे नुसतं ‘सोन्याचा हार’ लिहून भागत नाही. वजन, किंमत, फोटो जोडा, सराफाचं मूल्यांकन असेल तर उत्तमच. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख, बँक ड्राफ्ट धरून, जवळ असेल तर आपणहून सांगा. सांगितलं म्हणून कर लागत नाही. लपवलं तर मात्र जप्त होऊ शकतं.

पहिल्या कामाच्या दिवशी सर्व्हिस कॅनडाच्या सरकारी कार्यालयात जाऊन सिन, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणारा क्रमांक, काढा. नऊ आकडी, मोफत, आणि मिळतो तो कागदावर. तो कागद पाकिटात घालून फिरू नका. नोकरी देणाऱ्याला आणि व्याज देणाऱ्या बँकेला तो लागतो. घरमालकाने मागितला तरी द्यायची सक्ती नाही. मग बँक. नोकरी नसली, भरायला पैसे नसले तरी ओळखपत्रांवर खातं उघडून मिळणं हा तिथे कायद्याने हक्क आहे. भारतातला सिबिल स्कोअर कितीही चांगला असो, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिथल्या क्रेडिट संस्थांच्या लेखी तुम्ही कालच जन्मलात. म्हणून त्याच बैठकीत क्रेडिट कार्ड मागा, छोटी बिलं त्यावर टाका आणि दर महिन्याला पूर्ण फेडा.

आरोग्य विम्याचे नियम प्रांताप्रमाणे बदलतात. ओंटारिओत ओहिपसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, थांबावं लागत नाही. ब्रिटिश कोलंबियात मात्र उतरलेला महिना संपून पुढचे दोन महिने जावे लागतात. तेवढ्या काळाचा खासगी विमा घ्याच, इथे काटकसर नको. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्या.

मुलं असतील तर लसीकरणाची नोंद शाळेत लागेल. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी आरसी६६ अर्ज भरावा लागतो. सोबत नवागतांसाठीची पुरवणीही असते. लोक हा अर्ज ‘स्थिरस्थावर झाल्यावर बघू’ म्हणून मागे टाकतात, आणि पैशाची चणचण नेमकी त्याच महिन्यांत असते.

कायमच्या घराची घाई करू नका. नोकरी कुठे लागते ते कळेपर्यंत वर्षाचा करार कशाला? जागा न बघता पैसे पाठवायचेच नाहीत. ओंटारिओत मालक शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो, पण मोडतोडीची वेगळी अनामत मागणं नियमात बसत नाही. आणि फोडणीच्या धुराने अलार्म कोकलायला लागला तर पंखा लावा, खिडकी उघडा. त्याचा सेल काढून ठेवणं बेकायदा आहे.

गाडी चालवणार असाल तर निघण्याआधी आरटीओकडून परवान्याच्या अनुभवाचं पत्र घ्या. भारतातल्या परवान्यावर ओंटारिओत ६० दिवस, ब्रिटिश कोलंबियात ९० दिवस निघतात. नंतर तिथलाच परवाना हवा.

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. तो नुसता घुरघुरतो, चटणी वाटत नाही. चार्जरवर १००-२४० छापलेलं असेल तर फक्त पिन बदलून काम होतं. कुकर खुशाल न्या. जाड कोट तिथेच घ्या, इथल्या दुकानातला ‘बर्फाचा कोट’ उणे वीसला टिकेल याचा भरवसा नाही.

भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका, रोमिंग चालू ठेवून किमान रिचार्ज करत राहा. भारतातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) करून घ्यायचं असतं, आणि त्या कामाचा ओटीपीही बहुतेक त्याच नंबरवर येतो.