चुका टाळायच्या तर आधी ताळा करा: बिझनेस अ‍ॅनालिटिक्स शिकणाऱ्यांसाठी

कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवसांत मी पुण्यातल्या दोन-तीन कॉलेजांत मुलाखती घ्यायला जाते. समोरच्या बायोडेटावर एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय, टॅब्लो, मशीन लर्निंग असं सगळं ओळीनं मांडलेलं असतं. त्यातलं काही विचारण्याआधी मी एका कोऱ्या कागदावर दोन टेबलं काढते. पहिल्यात तीन ऑर्डरी: ५०० रुपये, ८०० रुपये आणि १२०० रुपये. दुसऱ्यात त्यांचे पैसे कसे आले त्याच्या नोंदी. पहिलीचे एकरकमी, दुसरीचे दोन हप्त्यांत, तिसरीचे तीन हप्त्यांत. मग विचारते, ही दोन टेबलं ऑर्डर नंबरवर जोडली आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज केली, तर किती येईल?

बहुतेक जण २५०० म्हणतात. उत्तर ५७०० येतं. जोडणी झाली की दुसरी ऑर्डर दोन ओळींत दिसते आणि तिसरी तीन ओळींत. म्हणजे ५००, १६०० आणि ३६००.

चुकीचं उत्तर दिलं म्हणून मी कुणाला नाकारत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो: हा आकडा फुगलाय हे तुम्हाला कळलं कसं असतं? इथे शांतता पसरते. चौथीत भागाकार झाला की बाई ताळा करायला लावायच्या, भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. पदवीपर्यंत येताना ती सवय कुठे गळून पडते कोण जाणे. अभ्यासक्रमात टूल्स शिकवतात, मॉडेल्स शिकवतात, ताळा करायला मात्र कुणी सांगत नाही. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच आल्या आहेत.

बेरीज फुगते किंवा ओळी गळतात

वरचा घोटाळा खऱ्या कामात आठवड्यातून एकदा तरी भेटतो. त्यावर विद्यार्थी हमखास करतात तो उपाय म्हणजे डिस्टिंक्ट लावणे, म्हणजे सारख्या किमती एकदाच धरायला सांगणे. हे दुखण्यापेक्षा वाईट. दोन वेगळ्या ग्राहकांच्या ५००-५०० च्या ऑर्डरी असतील, तर रकमेवर डिस्टिंक्ट लावून केलेल्या बेरजेत त्यातली एक गायब होते. आधी आकडा फुगला होता, आता सुकला. आणि सुकलेला आकडा जास्त धोक्याचा, कारण तो खरा वाटतो.

टेबल हातात आलं की पहिल्यांदा एकच विचारा: यातली एक ओळ म्हणजे काय? एक ऑर्डर, एक हप्ता, की ऑर्डरमधली एक वस्तू? हप्त्यांचं टेबल आधी ऑर्डरनिहाय गोळा करून एका ऑर्डरला एक ओळ करा, मगच जोडा. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. तीनच्या सहा झाल्या, तर का झाल्या ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उलटंही होतं. एसक्यूएलमध्ये लेफ्ट जॉइन (डावं टेबल पूर्ण ठेवणारी जोडणी) लावून सगळे ग्राहक घेतले, मग व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळण्याच्या भागात, उजव्या टेबलावरची अट टाकली की एकही ऑर्डर नसलेले ग्राहक गळतात. ती अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीतच, हवी. 'या यादीत नसलेले द्या' असं सांगणाऱ्या नॉट इनच्या यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी किंमत, असला, तर क्वेरी एकही ओळ देत नाही आणि चूकही दाखवत नाही. आणि काउंट स्टार सगळ्या ओळी मोजतो, कंसात कॉलमचं नाव दिलं की नल सोडून मोजतो. हे तिन्ही एकदा स्वतः करून पाहिलं की डोक्यात पक्कं बसतं, वाचून बसत नाही.

जुलैत बसून डिसेंबरची विक्री

ही चूक माझी. नोकरीचं पहिलं वर्ष, एका डिस्ट्रिब्युटरकडून विक्रीची फाइल आली होती. मी चार्ट केला, मेल केला. अर्ध्या तासात साहेबांचा फोन आला, "आज जुलै चालू आहे, डिसेंबरची विक्री तुम्हाला स्वप्नात दिसली का?"

झालं होतं असं. फाइलमध्ये तारखा आपल्या पद्धतीच्या, आधी दिवस मग महिना. माझ्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन, आधी महिना मग दिवस. त्यामुळे ५ एप्रिलची ४ मे झाली आणि १२ जुलैची ७ डिसेंबर. दिवस १२ च्या पुढे गेला की एक्सेलला तो महिना म्हणून पचत नाही, म्हणून १३ एप्रिल नुसता मजकूर म्हणून पडून राहिला आणि चार्टमध्ये आलाच नाही. म्हणजे काही नोंदी चुकीच्या महिन्यात आणि उरलेल्या बऱ्याच नोंदी गायब.

हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. कॉलम रुंद करा. एक्सेल खऱ्या तारखा आणि आकडे उजवीकडे लावतं, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा, गडबड आहे. फाइल आधीच उघडून बिघडली असेल तर मूळ सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) परत मागवा, ती दुरुस्त करत बसू नका. नवी फाइल एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीतून घ्या आणि तारखेचा प्रकार ठरवताना 'युझिंग लोकॅल' मधून इंग्लिश, इंडिया निवडा.

एक्सेलचा हा आगाऊपणा जगभर नडला आहे. ते १५ आकड्यांपुढची संख्या शून्यांनी भरतं, म्हणून १६ आकडी कार्ड नंबरचा शेवटचा आकडा हरवतो. एम्प्लॉयी कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात. मार्च१, सेप्ट२ अशा जनुकांच्या नावांच्या ते तारखा करायचं, आणि २०२० मध्ये शेवटी शास्त्रज्ञांनीच जनुकांची नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांत यायची राहिली, कारण मधल्या टप्प्यावर जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल वापरली होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. आजच्या एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची. तुमच्या फाइलमध्ये नेमक्या तेवढ्याच ओळी भरल्या असतील, तर बाकीच्या कुठे गेल्या ते शोधा.

दिवाळी कुठल्या महिन्यात होती?

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये 'गेल्या वर्षाच्या तुलनेत ऑक्टोबरमध्ये विक्री घटली' असं एक वाक्य असतं, आणि खाली कारण म्हणून स्पर्धा, महागाई वगैरे. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण पुढे सरकले आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. वर २०२३ च्या ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पितृपक्षात. त्यात गाडी किंवा दागिना घेणारं घर शोधून काढावं लागेल. गणपतीचंही तेच, २०२२ मध्ये ३१ ऑगस्ट, २०२३ मध्ये १९ सप्टेंबर. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केलीत की तुम्ही दिवाळीची तुलना पितृपक्षाशी करताय. सणापासून मागे मोजलेले आठवडे घ्या, किंवा सरळ सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरा. पायथनच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. मी गंमत करत नसते.

याच जातीची छोटी चूक तिमाहीची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, टूलची पहिली तिमाही जानेवारीला. पॉवर बीआयमध्ये वर्षारंभापासूनची बेरीज काढताना वर्ष ३१ मार्चला संपतं हे वेगळं सांगावं लागतं.

प्रोजेक्ट: टायटॅनिक आता खरंच बुडू द्या

सरावासाठी सगळीकडे वापरतात त्या तयार डेटावर, म्हणजे टायटॅनिकच्या ८९१ प्रवाशांवर आणि आयरिसच्या १५० फुलांवर, शिकायला हरकत नाही. आयरिसचा डेटा तर १९३६ पासून शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडतोय. पण बायोडेटावर तो प्रोजेक्ट म्हणून लिहू नका. स्वच्छ डेटावर काम केलं हे सांगणं म्हणजे चिरून आणलेल्या भाजीची फोडणी घातली हे सांगणं.

आपल्याकडचा सरकारी डेटा घ्या. तो अस्ताव्यस्त असतो, आणि त्यातच शिकायला मिळतं. एक उदाहरण. जिल्हानिहाय वाहनं दर हजार लोकांमागे किती, हा प्रोजेक्ट दर वर्षी कुणीतरी करतंच. वाहनांचे आकडे आत्ताचे, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. आता ठाणे जिल्हा बघा. २०११ मध्ये लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्या १ कोटी १० लाखांतले सुमारे ३० लाख लोक आज पालघरात धरावे लागतात. म्हणजे ठाण्याची वाहनं आजच्या छोट्या जिल्ह्याची, भागलेली जुन्या मोठ्या जिल्ह्याच्या लोकसंख्येनं. पालघरला तर भागायला संख्याच नाही, म्हणून विद्यार्थी ती ओळ सरळ 'रिकामी किंमत' म्हणून पुसून टाकतात. एक अख्खा जिल्हा, वसई-विरारसकट! त्या जनगणनेचे तालुकानिहाय आकडे मिळतात. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके ठाण्यातून वजा करून पालघरला द्यायचे, किंवा दोन्ही जिल्हे एकत्र धरायचे आणि तसं लिहायचं.

नावांचं वेगळंच. एका फाइलमध्ये औरंगाबाद, दुसरीत छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर. नावावर जोडलंत तर हे जिल्हे गळणार. आणि देशभराचा डेटा असेल तर औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, म्हणजे दोघांची सरमिसळ होणार ते वेगळंच. शक्य तिथे नावाऐवजी जिल्ह्याच्या सरकारी कोडवर जोडा.

शेतमालाचे भाव घेणार असाल तर अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव क्विंटलमागे मिळतात. लासलगाव आणि एखादी छोटी बाजार समिती यांच्या भावांची सरळ सरासरी काढू नका, आवकेनुसार वजन द्या, म्हणजे जिथे माल जास्त आला तिथला भाव जास्त मोजा. लिलाव बंद असलेल्या दिवशी नोंद नसते, त्या जागी शून्य भरलंत तर कांदा फुकट वाटला असं दिसेल.

९८ टक्के अचूक मॉडेल

शंभरातले दोनच व्यवहार फसवणुकीचे असतील, तर 'कुणीच फसवत नाही' असं सांगणारं मॉडेलही ९८ टक्के अचूक. त्या दोनपैकी किती पकडले ते सांगा. आणि अचूकता ९९.९ आली तर पेढे वाटण्याआधी कॉलम तपासा. ग्राहक सोडून जाईल का हे ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये 'खातं बंद करण्याचं कारण' हा कॉलम मी पाहिलेला आहे. उत्तरपत्रिका सोबत घेऊन परीक्षेला बसल्यासारखं.

क्वेरी चॅटजीपीटीकडून लिहून घेता, ते आम्हीही करतो. पण तुमच्या टेबलातली एक ओळ म्हणजे काय हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याची क्वेरी विनातक्रार चालते आणि ५७०० देते.

नोकरी शोधताना

पदांच्या नावांवर जाऊ नका. आयटी कंपन्यांत बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे बहुधा क्लायंटच्या गरजा लिहून काढणारा माणूस, त्याला महिनोन्महिने एसक्यूएल लागत नाही. तेच पद एखाद्या बँकेत किंवा ई-कॉमर्समध्ये पूर्ण आकड्यांचं असू शकतं. जाहिरातीतलं काम वाचा, आणि मुलाखतीत विचारा की मागच्या आठवड्यात या टीमनं काय पाठवलं. एमआयएस एक्झिक्युटिव्ह, म्हणजे रोजचे ठरलेले रिपोर्ट बनवणारा, म्हटलं की मुलं नाक मुरडतात. मी तिथूनच सुरुवात केली. रोज सकाळी दहाला तोच रिपोर्ट करताना डेटा कुठे कुठे सडतो ते जेवढं कळलं, तेवढं एमबीएत कळलं नव्हतं.

सर्टिफिकेटं चौदा असली तरी मी एकही उघडून बघत नाही. एक प्रोजेक्ट असू दे, आणि त्याखाली एक ओळ: काय जुळत नव्हतं, आणि कसं जुळवलं. पैसे आधी घेऊन शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला 'हमी'ची व्याख्या लेखी मागा, फी भरायच्या आधी.

गेल्या हंगामात एका मुलीनं तो कागद पाहून ५७०० म्हटलं, कारणही सांगितलं. फुगवटा कसा कळेल यावर म्हणाली, ऑर्डरच्या टेबलाची नुसती बेरीज आधी लिहून ठेवीन. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "मॅडम, पण तिसऱ्या ऑर्डरचे तीन हप्ते मिळून १२०० च होतात का? इथे रकमा दिसत नाहीत."

मी त्या कागदावर हप्त्यांच्या रकमा कधी लिहिल्याच नव्हत्या. आता लिहिते, आणि तिसऱ्या ऑर्डरचे मुद्दाम ११५० च ठेवते.